नकटीला सतराशे विघ्नं

आमच्या गावात पूर्वी जीप दोनच होत्या. एक पाटलांची, एक आमची. पाटलांच्या जीपला पुढे ऐटदार नाक होतं, आमच्या गाडीला ते नव्हतंच. ड्रायव्हर बसायचा तो थेट पुढच्या चाकांवर. इंजिन त्याच्या डाव्या मांडीलगत पत्र्याच्या पेटीत धडधडायचं आणि केबिनच्या पाठीला लागून मोकळा हौदा. कागदोपत्री ती महिंद्रा एफसी १५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'नकटी' ठेवलं. ते इतकं चिकटलं की आजीसुद्धा "नकटी आली का रे मार्केटातनं?" असंच विचारायची.

१९६८ साली आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती घेतली. त्यांच्यानंतर नानांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी, चालवली. २००४ पासून ती गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टायर मातीत रुतलेले, हौद्यात शेणी रचलेल्या, केबिनमध्ये कोंबडी खुडूक बसलेली. २०२३ च्या उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला किलोवर मागतोय." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात म्हणतात. आमच्या नकटीला दोनचार वरच आली, आणि त्यातली बरीचशी कुठल्याही जुन्या गाडीला येणारी असल्यामुळे इथे सांगतो.

आधी तिचं कुळ. जीप हे दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या विलिस-ओव्हरलँड कंपनीने ती लष्करासाठी हजारोंनी बनवली. इकडे १९४५ मध्ये लुधियान्यात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणी झाली, त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवर मोहम्मदांच्या जागी दुसरं महिंद्रा आलं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. नाक कापलं ते अमेरिकेत, ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने, १९५६ च्या सुमारास. त्यामागे हिशेब होता. ड्रायव्हरला इंजिनाशेजारी बसवलं की पुढच्या दोन-तीन फुटांची बचत होते आणि ती मागे हौद्याला देता येते. चाकांमधलं अंतर साध्या जीपइतकंच, ८१ इंच, पण हौदा सहा फुटांहून लांब. अमेरिकेत हे मॉडेल १९६५ मध्ये बंद झालं. आपल्याकडे साधारण त्याच वेळी सुरू झालं आणि ऊसवाल्यांना, गुऱ्हाळवाल्यांना आवडलं. चारही चाकांना ताकद असल्यामुळे चिखलातून हौदाभर गूळ निघायचा.

जुनी गाडी नीट करायची म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा वाटतो. माझ्या मते तो दुसरा. पहिला प्रश्न असा, की गाडी कुठल्या सालात न्यायची? आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचा धसका घ्यावा अशी परिस्थिती आहे. काळ्या दगडाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे खांबांना ऑइलपेंट आणि गाभाऱ्याला चकचकीत फरशी लागली, हे आपण गावोगाव पाहतो. जुन्या जीपचंही तेच होतं. रुंद टायर, क्रोमचे पाइप, डोळे दिपवणारे दिवे. गाडी नवी होते, पण ती मग कुणाचीही असू शकते. दुसरं टोक म्हणजे शोरूममधून निघाली तशी. ते सोवळं मला पटतं, पण ती अवस्था आबांच्या ताब्यात जेमतेम आठवडाभर टिकली असेल. घरच्यांनी तिला ओळखलं ते ओरखडे पडल्यावर.

याचं उत्तर मला फाळक्याने दिलं. हौद्याचा मागचा, खाली पडणारा पत्रा तो फाळका. त्याच्या कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर मी पाणी मारून वॉटर पेपर घासत बसलो. कोरडं घासायचं नाही. त्या काळच्या रंगात शिसं असायचं, त्याची धूळ छातीत जाते. हळूहळू कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं उमटली. सगळ्यांत वर उडालेला पिवळा. त्याखाली आकाशी. त्याखाली पुन्हा आकाशी, पण गडद. मग करडा, मग विटकरी रेड ऑक्साइड आणि मधोमध उघडं लोखंड. गडद आकाशीच्या थरावर एक पांढरी वेलांटी दिसली. दोन दिवस जपून पिवळा आणि वरचा आकाशी उतरवल्यावर पूर्ण ओळ वाचता आली. आबांचं नाव, खाली 'गूळ व्यापारी', आणि अक्षरांना लाल सावली. गावच्या पेंटरने १९७० च्या आसपास ब्रशने काढलेली. वडील शेडमध्ये आले, चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "हे मी विसरलोच होतो." साल तिथे ठरलं. गाडी आबांच्या आकाशी रंगात न्यायची आणि फाळक्याला हात लावायचा नाही. त्यावर फक्त मेण चढवलं, कारण मेण उद्या कुणाला नको झालं तर काढता येतं. लॅकर मारलं की ते अक्षरांसकट कायमचं. पुढच्या माणसाला उलटवता येईल असंच काम करावं, एवढा एक नियम मी या साऱ्या प्रकारात पाळला.

हौद्याच्या तळाला मात्र पाळायला काही उरलंच नव्हतं. दोष गुळाचा. गूळ हवेतलं पाणी ओढतो, हे पावसाळ्यात डबा उघडणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ३० किलोचे रवे वर्षानुवर्षं वाहिल्यावर त्यांचा चिकट ओघळ पत्रा आणि खालच्या आडव्या पट्ट्या यांच्या फटीत जाऊन बसला. तिथे ओल कायम, आणि साखर आंबली की आम्लही तयार होतं. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरणारच. त्यातली कमी माहीत असलेली गोष्ट ही, की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून फटीतला गंज पाचरीसारखा काम करतो, वेल्डिंगचे टाके उसवतो आणि पत्रा आतून फुगवतो. वरून रंगाचा फोड दिसतो तेव्हा आतलं काम आटोपलेलं असतं.

इथे पहिलं मोठं विघ्न. घाईने मी केबिनची दारं तालुक्यातल्या एका डेंटरकडे दिली. आठ दिवसांत आरशासारखी करून दिली त्याने. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या कडेला भोपळे आले. त्याने गंज काढलाच नव्हता. वरून बोटभर लांबी भरली होती. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खळगे बुजवायचं पुटीन. ते पातळ थरात ठीक, पण गंजावर मारलं की ओल आत कोंडते आणि काम दुप्पट वेगाने बिघडतं. तेव्हापासून मी खिशात एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून ठेवतो. पत्र्यावर फिरवायचा, जिथे तो चिकटत नाही तिथे लोखंड नाही, लांबी आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी करावं. दारं आम्ही पुन्हा उघडली, कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, आणि जे पूर्वी चार हजारांत झालं होतं ते नऊ हजारांत झालं.

फाळक्याच्या साखळ्या, बिजागऱ्या, पाट्यांचे बोल्ट अशा बारीक सामानाला मात्र गुळानेच तारलं. जगभर जुन्या गाड्यांचे हौशी लोक गंज काढायला उसाची मळी वापरतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे सबुरी. मळीतले काही घटक गंजातल्या लोखंडाला दोन बाजूंनी पकडून पाण्यात ओढून नेतात. या क्रियेचं शास्त्रीय नावच मुळी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडलेलं आहे. चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही, म्हणून ॲसिडपेक्षा हे बरं. पण कारखान्याची मळी आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखाली असते, कारण तिची दारू होते. आम्ही शेजारच्या गुऱ्हाळातून आंबलेली काकवी आणली आणि प्लास्टिकच्या पिंपात सामान बुडवून झाकण लावलं. तिसऱ्या दिवसापासून वासाने म्हशी हंबरायला लागल्या. तेविसाव्या दिवशी साखळी बाहेर काढून पाण्याखाली ब्रश मारला, तर राखाडी, कोरी, कड्यांवरचा कारखान्याचा ठसा वाचता येईल अशी. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कार्बोरेटरसारखं जस्ताचं किंवा ॲल्युमिनियमचं काही चुकूनही त्या पिंपात टाकायचं नाही, ते खाल्लं जातं. आणि बाहेर काढलेलं लोखंड तासाभरात पुसून, तापवून त्यावर प्रायमर मारायचा; नाहीतर दुपारपर्यंत ते पुन्हा तांबूस होतं.

आता इंजिन. खरं तर नकटीत तिचं मूळ इंजिन नव्हतंच. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव जगभर जवळजवळ चौपट झाला आणि पेट्रोलची जीप पोसणं शेतकऱ्याला परवडेना. महिंद्रानेही पुढे १९७९ मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. गावोगावच्या मिस्त्र्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. मिळेल ते डिझेल इंजिन पेट्रोलच्या जीपमध्ये बसवायचा धंदा तेव्हा जोरात होता. नानांनी १९८३ मध्ये तेच केलं. मूळ पेट्रोलचं इंजिन गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि त्यावर चाळीस वर्षं पेंडीची पोती रचली गेली.

ते विलिसचं हरिकेन इंजिन. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. त्याची रचना आज बघायला मिळत नाही. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे घराचं पुढचं दार माडीवर आणि मागचं दार तळघरात. आधीच्या इंजिनात दोन्ही दारं खालीच होती. एक वर नेल्यामुळे श्वास मोकळा झाला आणि ताकद ६० अश्वशक्तीवरून ७० च्या वर गेली. इंजिनाची उंची मात्र वाढली. नाकवाल्या जीपचं बॉनेट त्यासाठी उंच करावं लागलं. नकटीला तो प्रश्न आला नाही, तिचं इंजिन माणसांच्या मध्येच बसलेलं.

आमचं इंजिन जाम होतं. मिस्त्रींनी, सत्तरी ओलांडलेला माणूस, चारही प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतलं आणि घरी निघून गेले. मी पाना घेऊन क्रँकच्या नटाला लागलो तसे फाटकातून परत आले. "जोर लावू नगासा. रिंग मोडली तर सिलिंडरला चर पडंल. त्याला पिऊ द्या." रोज संध्याकाळी ते यायचे, थोडं तेल टाकायचे, पान्यावर फक्त हाताचं वजन ठेवायचे आणि जायचे. आठव्या दिवशी पाना सूतभर हलला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नवव्या दिवशी पूर्ण फेरा. हेड उघडल्यावर त्यांनी माझं बोट सिलिंडरच्या वरच्या कडेखाली फिरवलं. नखाला एक पायरी लागली. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत जातात तिथपर्यंत भिंत झिजते, वरची अर्धी बोटभर पट्टी कोरी राहते. ती पायरी जेवढी खोल तेवढं इंजिन पळालेलं.

ब्लॉक कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला. ऑइल इंजिनांच्या दिवसांपासून कास्टिंग आणि लेथचं हे माहेरघर. तिथल्या गल्ल्यांत आजही एखादा बुश नुसता वर्णनावरून कातून देणारे कारागीर सापडतात. बोअरिंगवाल्याने डायल आत सोडली आणि मान हलवली. "आधीच चाळीस झालंय हे." सिलिंडर मोठं करतात ते इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने, दहा, वीस, तीस, चाळीस, त्यापुढे भिंत पातळ होते. म्हणजे १९६८ ते १९८३ या पंधरा वर्षांत आबांनी हे इंजिन निदान एकदा, बहुधा दोनदा बोअर केलं होतं, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. आमचे आबा खर्चाचा ब्र न काढणाऱ्यांतले. शेवटी चारही सिलिंडरांत स्लीव्ह मारून माप पुन्हा मुळावर आणलं.

इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, ॲक्सलचे भाग मिळाले, कारण ते नाकवाल्या जीपचेच आहेत. पुण्याच्या नाना पेठेत एका दुपारीत यादी निम्मी झाली. अडलं ते दाराचं हँडल, काचेचं रबर, दिव्याची रिंग यांवर. कुठल्याही जुन्या गाडीचा हा अनुभव आहे. यंत्र मिळतं, दागिने मिळत नाहीत. म्हणून खोलताना मोडकं हँडलसुद्धा टाकू नका, नवं ओतायला नमुना तोच लागतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात, पण ठासून. इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक झाले पाहिजेत. लोक उलट करतात आणि भिंत गाठतात. या गाड्यांत चारही चाकांचं ऑइल एकाच वाटेने फिरतं. एका चाकाशी गळलं की सगळे ब्रेक गेले. हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमला आहे, त्याच्यावर उतारावर फार विसंबू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा. ओल्या फडक्याने पुसायचं.

गाडी सुरू झाली आणि दोन महिन्यांत पेट्रोलच्या नळ्या लोण्यासारख्या मऊ झाल्या. पुन्हा ऊसच. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच कारखान्यांतलं. १९६८ च्या रबराला, पंपाच्या पडद्याला इथेनॉलची सवय नाही. शिवाय ते पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसून आतून गंज धरवतं. टाकीतला जुना गाळ सोडवून कार्बोरेटरमध्ये नेऊन घालतं ते वेगळंच. उपाय अवघड नाही. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालायचे, वाटेत फिल्टर, आणि गाडी महिनामहिना उभी ठेवायची नाही. आमच्या गाडीचा तळ गुळाने कुजला, साखळ्या काकवीने उजळल्या आणि नळ्या इथेनॉलने खाल्ल्या. तिन्ही वेळा ऊस आमच्याच पट्ट्यातला.

शेवटचं विघ्न कागदांचं, आणि ते सर्वांत लांबलं. गाडी आबांच्याच नावावर होती. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाचं नाव लावायचं, असा नियम आहे. सातबाऱ्यावर नाव लावायला जी घरं दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे पोचतात, ती गाडीच्या बुकाकडे ढुंकून बघत नाहीत. आम्हीही त्यातलेच. दोन आत्यांच्या, तीन चुलतभावंडांच्या सह्या गोळा करायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात गिअरबॉक्स दोनदा भरला असता.

मग तपासणीसाहेबांनी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, इंजिन नंबर वाचला आणि बुकाशी ताडला. जुळला. नानांनी १९८३ मध्ये डिझेल इंजिन बसवलं त्याची नोंद केलीच नव्हती. त्यानंतर नकटी शेत ते गुऱ्हाळ एवढीच धावली, वेशीबाहेर गेली नाही, पासिंगलाही नाही. चूकच होती ती. इंजिन बदलायला परवानगी लागते. पण त्या चुकीमुळे कागदावर ती कायम पेट्रोलचीच राहिली, आणि आबांचं इंजिन परत घातल्याबरोबर बुक आणि गाडी यांचं चाळीस वर्षांनी पुन्हा जमलं.

मी आधी विंटेज नोंदणीच्या मागे होतो. २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल नसलेली; नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. पण व्याख्या दुचाकींची आणि प्रवासी चारचाकींची आहे. मालवाहू गाडी तीत बसत नाही. संस्थानिकाला शिकारीला नेणारी गाडी वारसा, आणि ज्या गाड्यांनी इथला गूळ, दूध, भाजी बाजाराला पोचवली त्या नुसत्या जुन्या. हे मला मान्य नाही. मंत्रालयाने ही व्याख्या हौद्याच्या गाड्यांपर्यंत वाढवायला हवी.

नकटीपुरतं मात्र बरंच झालं. पंधरा वर्षांनंतर गाडी मोडीतच काढावी लागते ही समजूत दिल्ली परिसरातल्या बंदीवरून पसरली आहे. आपल्याकडे तपासणीत पास झाली तर ती चालते. नकटी पास झाली. विंटेज नसल्यामुळे तिला ओझं वाहायची मुभा आहे. यंदाच्या हंगामात पहिल्या खेपेला गुळाचे वीस रवे घेऊन ती मार्केट यार्डात गेली, खाली ताडपत्री अंथरून. पासिंग वर्षाचं आहे.

तुमच्याही गोठ्याशेजारी अशी एखादी उभी असेल, तर भंगारवाला भाव सांगायला येण्याआधी तिचं आरसी बुक शोधून ठेवा. आमचं देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत, सोसायटीच्या पासबुकात घडी घालून ठेवलेलं होतं.